मायचे टोंगळे आणि सरकारी दवाखाना

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की माय पाणीच पीत नाही. मे महिना, यवतमाळ जिल्हा, पारा ४५ च्या आसपास, आणि सकाळी तिच्या बाजेजवळ ठेवलेला तांब्या संध्याकाळी अर्धा तसाच. विचारलं की ती विषय बदलायची. एक दिवस चिडून बोलली, "पाणी पेलं का जा लागते. गेलं का बसा लागते. बसलं का उठता येत नाही रे बाप्पा."

आमच्या घरी संडास आहे. स्वच्छ भारत मिशनच्या १२ हजार रुपयांत बांधलेला, उकिडवं बसायचा. भिंतीला धरायला काही नाही. नळाच्या तोटीला धरून उठायच्या नादात ती तोटी दोनदा निखळली होती आणि आम्ही तोटीलाच नावं ठेवत राहिलो.

पुण्या-मुंबईकडे गुडघे म्हणतात, आमच्याकडे टोंगळे. मायचे टोंगळे सात-आठ वर्षांपासून दुखतात. त्यांतली चार वर्षं ती रोज एक गोळी घेत होती. डॉक्टरची चिठ्ठी नव्हतीच. गावातला कोणी तालुक्याला निघाला की सांगायचं, मेडिकलातून टोंगळ्याची गोळी आणजो. तो पट्टी आणून द्यायचा. पट्टीवर डायक्लोफिनॅक छापलेलं असायचं, ते आमच्यापैकी कोणी वाचलं नाही. मी शिकलेला मुलगा, मीही नाही. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरायला शरीर काही रसायनं तयार करतं. या जातीच्या गोळ्या तीच रसायनं अडवतात, आणि दुखणं थांबतं तेही त्यामुळेच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तहान मारून, रोज ती गोळी घेणं किती वाईट, ते रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं तेव्हा कळलं. गोळी बंद केली, पाणी वाढवलं, दोन महिन्यांत आकडा खाली आला. आमचं थोडक्यात निभावलं.

सगळ्यांचं निभावत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलडाण्यातून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात, माझी मावशी राहते. संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात किडनीच्या आजाराचे रुग्ण गावोगावी आहेत. तिथल्या माणसाचं मूत्रपिंड आधीच कमजोर असू शकतं, आणि टोंगळ्याची गोळी तिथंही अशीच, चिठ्ठीविना मिळते.

गोळीच्या जोडीला सुई. हप्त्याला एक सुई टोचली की म्हातारी दुसऱ्या दिवशी वावरात. तिचा गुण अंगाला लगेच जाणवतो म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. पण अशा सुयांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. तज्ज्ञ डॉक्टरने तपासून, गरज पाहून, क्वचित एखाद्या वेळी सांध्यात दिलेलं इंजेक्शन ही निराळी गोष्ट आहे. बिब्ब्याने किंवा तापलेल्या सळईने टोंगळ्याला डाग देण्याबद्दल एवढंच सांगतो की मायच्या उजव्या टोंगळ्यावर अजून दोन वण आहेत आणि दुखणं त्या वणांखाली होतं तिथंच आहे.

आता मुद्द्यावर येतो. टोंगळेदुखीच्या माणसाला आपली व्यवस्था दोनच गोष्टी देऊ शकते: या टोकाला गोळी आणि त्या टोकाला ऑपरेशन. मधली जागा रिकामी आहे. खरा उपचार त्या मधल्या जागेत आहे, तो स्वस्त आहे, आणि तो द्यायला लागणारी बहुतेक माणसं गावात आधीपासून आहेत. त्यांना हे काम कोणी दिलेलं नाही.

आधी दुखण्याबद्दल. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतात आणि म्हणतात, "आजी, गादी झिजली. वय झालं." घरी येऊन आजी सांगते, वंगण संपलं. हे शब्द साधे असले तरी घात करतात. बैलगाडीचा आख घासला की गाडी उभी करायची, हा आपला अनुभव. तोच हिशेब आपण पायाला लावतो आणि म्हातारीला बसवून ठेवतो. पण सांधा म्हणजे आख नाही. हाडाच्या टोकावरच्या कुर्चेत, म्हणजे डॉक्टर जिला गादी म्हणतात तिच्यात, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. सांध्यावर भार पडला आणि सुटला, पडला आणि सुटला, की तो द्रव कुर्चेत शिरतो आणि बाहेर येतो. माणूस बाजेवर पडून राहिला की ही ये-जा मंदावते. त्याहून वाईट म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू वाळतो. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो आणि त्यातला मोठा वाटा हा स्नायू पेलतो. तो वाळला की सगळं ओझं सांध्यावर. म्हणून दुखतं, दुखतं म्हणून माणूस बसतो, बसल्यामुळे स्नायू आणखी वाळतो. एक्स-रेमधली झीज आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ नेहमी बसतही नाही. भरपूर झीज दिसणारे काहीजण चालतात-फिरतात आणि थोडी झीज दिसणारे काही कण्हत असतात.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली सांधेझिजेबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत उपचाराचा गाभा म्हणून व्यायाम आहे, त्यासोबत रुग्णाला नीट माहिती देणं आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. गुडघ्यासाठी औषध लागलंच तर आधी वरून लावायचं वेदनाशामक मलम. पॅरासिटामॉलसुद्धा नेहमीसाठी नको म्हटलंय. सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं ग्लुकोसामाइन देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, आणि आमच्याकडे महिन्याची श्रावणबाळ योजनेची १५०० रुपये पेन्शन घेणारी म्हातारी त्यातले कित्येक रुपये त्याच गोळ्यांवर घालते. वजनाचं म्हणाल तर एक किलो कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००५ साली मोजलं गेलं. पण हा सल्ला सरसकट देऊ नये. निंदणाला जाऊन-जाऊन काटकी झालेल्या बाईला वजन कमी कर म्हणणं चूक आहे. तिला डाळ, अंडी, दूध लागतं, स्नायू भरायला.

व्यायामाचं नाव काढलं की गावात पहिला सवाल ठरलेला. मायनेही तोच केला, आणि तो टाकून देण्यासारखा नाही. "जलमभर कष्टच केले. अजून कोणता व्यायाम करू?"

मी या सवालावर पुष्कळ विचार केला. मायने वयाच्या बाराव्या वर्षापासून निंदण केलं. निंदण म्हणजे उकिडवं बसून, टोंगळे पूर्ण मोडून, खुरपं चालवत दिवसभर सरकत जाणं. कापूस वेचायचा म्हणजे कमरेला ओटी बांधून वाकायचं, ओटी भरत जाईल तसं पुढचं ओझं वाढत जातं, आणि मजुरी किलोवर असते म्हणून ती लवकर रिकामी करायला कोणी थांबत नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी चिखलात उभं राहून, कमरेतून वाकून. सोयाबीनची सोंगणी इळा घेऊन तशीच. त्याच्या आधी आणि नंतर पाण्याचे गुंड, सरपणाचा भारा. या सगळ्यात शरीर झिजतं, पण मांडीचा स्नायू सर्व बाजूंनी बळकट होईल अशी हालचाल त्यात फार थोडी आहे. त्याच त्या मोडलेल्या अवस्थेत, भाराखाली, तासन्‌तास. आणि मग साठी-पासष्टीला सून म्हणते, "माय, आता बसून राहा." म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं सांध्याला नको तसं वापरून झालं की एकाएकी तो वापरणंच बंद. मायला मी म्हटलं, तू कष्ट केले ते मालकाच्या वावरासाठी. हा व्यायाम तुझ्या टोंगळ्यासाठी आहे. तिला हे पटलं की माझ्या आग्रहामुळे ती तयार झाली, सांगता येणार नाही. पण तयार झाली.

फिजिओथेरपिस्ट आम्हाला मिळाले ते चाळीस किलोमीटरवर. एसटीत महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. दोन्ही चांगल्याच गोष्टी. पण एसटीची पहिली पायरी माझ्या मायच्या टोंगळ्याच्या वर येते. एका वेळी मी खालून आणि वाहकाने वरून, असं तिला चढवलं. ती रस्ताभर मान खाली घालून बसली होती.

त्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी जे शिकवलं ते इतकं साधं होतं की मला राग आला. यासाठी चाळीस किलोमीटर? बाजेवर पाय लांब करून टोंगळ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, टोंगळ्याने तो खाली दाबायचा, पाच-दहा आकडे मोजून सोडायचं. एक पाय मोडून दुसरा ताठ ठेवून वीतभर उचलायचा, धरायचा, हळू खाली. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, सुरुवातीला आधार घेऊन. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिल्या आठ-दहा दिवसांत थोडं जास्त दुखेल, घाबरू नका. पण दुसऱ्या दिवशीही दुखणं चढलेलंच राहिलं किंवा टोंगळा सुजला तर आकडा कमी करा. गुण दिसायला सहा आठवडे ते तीन महिने.

मग त्यांनी मायची काठी पाहिली. उजवा टोंगळा जास्त दुखतो म्हणून माय काठी उजव्या हातात धरायची. ताई म्हणाल्या, डाव्या हातात धरा, दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला, आणि दुखरा पाय व काठी एकदम टाका. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पाच वर्षं हातात काठी आणि ती चुकीच्या हातात. या पाच वर्षांत माय किमान पाच-सहा दवाखान्यांत गेली असेल. काठी सगळ्यांनी पाहिली असेल.

तीन महिन्यांनी मायचं दुखणं गेलं का? नाही. पण बाजेवरून ती आपली आपण उठते, देवळापर्यंत जाऊन येते आणि पाणी पिते. दुखलं तर मलम लावते.

आता व्यवस्थेकडे पाहू. २०१०-११ पासून देशात ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग, ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष असं सगळं लिहिलंय. उपकेंद्रांची आरोग्य मंदिरं झाली तेव्हा त्यांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीतही वृद्धांची काळजी आहे. म्हणजे नवी योजना मागायचीच नाही. आमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मी गेलो तेव्हा फिजिओथेरपीची खोली दाखवली. आत कपाटं ठेवली होती. ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं, माणूस नाही.

दुसऱ्या टोकाला मात्र सरकारने खरोखर मोठी पावलं उचलली, ते मान्य केलं पाहिजे. १६ ऑगस्ट २०१७ ला कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आली आणि सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या पुढून ५४,७२० रुपयांवर आला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ज्याचा सांधा खरंच संपला आहे, रात्रीची झोप गेली आहे, त्याच्यासाठी ऑपरेशन हे वरदान आहे आणि त्याने ते भीतीपोटी टाळू नये. पण ऑपरेशननंतरही व्यायाम लागतोच, नाही केला तर नवा सांधा आखडतो. आणि नवा सांधा बसवलेल्या माणसाला उकिडवं बसू नका सांगतात. तो घरी येतो तेव्हा घरात तोच १२ हजारांचा संडास असतो.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या माणसाला एकदा ३००० रुपये मिळतात. त्यातून काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची घेता येते. आमच्या गावात बहुतेकांनी पट्टा घेतला आणि तो खुंटीला टांगला, कारण केव्हा घालायचा, किती घट्ट घालायचा हे कोणी सांगितलंच नाही. कमोड खुर्ची घ्या असं एकालाही कोणी सुचवलं नाही. पैसे येतात, ते कामाला लावून देणारा माणूस येत नाही.

तो माणूस कोण असावा? माझं उत्तर गडचिरोलीकडून येतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या साध्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. चार-सहा दिवसांच्या बाळाचा श्वास मोजणं विदर्भातल्या कमी शिकलेल्या बाईला शिकवता येतं, तर म्हातारीच्या टोंगळ्याखाली टॉवेल कसा ठेवायचा आणि काठी कोणत्या हातात द्यायची हे शिकवता येत नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? डेन्मार्कमध्ये २०१३ पासून सहा आठवड्यांचा एक कार्यक्रम चालतो: माहितीची दोन सत्रं आणि देखरेखीखाली व्यायामाची बारा. आपल्याला तेवढंही नको. ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट भरा. तो पंधरा दिवसांतून एकदा ठरलेल्या वारी प्रत्येक उपकेंद्रात यावा, तपासावं, व्यायाम ठरवून द्यावा. मधले दिवस आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांनी पाहावं. नागपूर, अमरावती, सावंगी मेघे इथून दरवर्षी फिजिओथेरपीची मुलं-मुली शिकून बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यांना इथं जागा काढून द्या.

आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. माझी वहिनी आशा आहे. तिला कामागणिक मोबदला मिळतो आणि अनेक कामांचे पैसे महिनोन्‌महिने लटकतात. म्हणून मी म्हणतो की हे काम द्यायचं तर त्याचा दर ठरवून, वेळेवर पैसे देऊनच द्या. फुकटात आणखी एक रजिस्टर तिच्या पिशवीत कोंबायचं असेल तर हे न केलेलं बरं.

जागेचा प्रश्न आमच्या विदर्भाने केव्हाच सोडवलेला आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना कितीतरी गावांत रोज संध्याकाळी होते. गावातले म्हातारे-म्हाताऱ्या तिथं येतातच. प्रार्थनेआधी दहा मिनिटं, भिंतीशी खुर्च्या मांडून, उठणं-बसणं. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथल्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. या मुलखाला व्यायाम परका नाही. तो तरण्या पोरांचाच, ही समजूत तेवढी काढायची. एक सावधगिरी मात्र हवी. आरोग्य मंदिरात योगाचे वर्ग होतात तिथं टोंगळे दुखणाऱ्याला वज्रासनात बसवू नये. खुर्चीवरचं, उभ्यानं करायचं, तेवढंच.

सगळीच टोंगळेदुखी झिजेची नसते हे शिकवणाऱ्याला माहीत हवं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने हाडं-सांधे ताठतात, तिथं आधी पाणी बदलायला हवं. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे तरुण माणसाचा खुबा निकामी होऊ शकतो. सांधा लाल-गरम होऊन ताप आला, किंवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकून बोटांचे सांधे सुजले, तर व्यायाम राहू द्या आणि आधी डॉक्टर गाठा.

उरला संडास. ग्रामपंचायतीने गावातल्या ज्येष्ठांच्या घरांची यादी करून प्रत्येक संडासात भिंतीला एक पक्का लोखंडी दांडा बसवावा आणि लागेल तिथं भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची वयोश्रीच्या पैशांतून घेऊन द्यावी. आमच्या घरचा दांडा गावातल्या वेल्डरने अर्ध्या दिवसात बसवला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी हे सगळं लेखी मांडतो आहे: ग्रामीण रुग्णालयातली जागा भरण्याचा ठराव, उपकेंद्रातला ठरलेला वार, आशांचा मोबदला, प्रार्थनेच्या जागी वीस खुर्च्या आणि संडासातले दांडे. काल रात्री अर्ज मायला वाचून दाखवला. तिने तो दोनदा ऐकला. मग म्हणाली, "दांड्याचं खाली काऊन लिवलं? ते पहिले लिव्ह."

अर्ज मी पुन्हा लिहायला घेतला आहे.